वारेचे पाच तुकडे परत करायला

नांदेडला जाऊन आले म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, गुरुद्वारा पाहिला का. पाहिला. लंगरमध्ये पंगतीत बसून जेवलेही. पण मी गेले होते वार गोळा करायला, बाळंतपणात मुलामागून पडते ती. या दहा दिवसांत सांगण्यासारखं जे घडलं ते त्यातल्या एका वारेमुळे घडलं, म्हणून तेच सांगते.

नांदेड

मी जीवरसायनशास्त्रात काम करते. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, आणि वाटेत येणारी प्रथिनं तोडायला काही एन्झाइम वापरतात. काही बायकांमध्ये ही वाट अपुरी राहते. मग सातव्या-आठव्या महिन्यात अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो, कधी झटके येतात, आणि आई-मूल दोघांच्या जिवावर बेततं. त्या एन्झाइमांचं प्रमाण कुठे चुकतं ते आम्ही मोजतो. त्यासाठी वारेचे सुपारीएवढे तुकडे लागतात, आणि ते वार पडल्यापासून अर्ध्या तासात गोठवावे लागतात. उशीर झाला की एन्झाइम आपलं काम चालूच ठेवतात आणि समोर येईल ते तोडत बसतात.

पुण्यात इतकी वर्षं हे तुकडे माझ्याकडे थर्माकोलच्या डब्यातून आले. त्यावर आकडा असायचा. ज्या बाईची वार, ती बाई मी कधी पाहिली नव्हती. या वेळी मराठवाड्यातून नमुने हवे होते आणि आमच्या नांदेडच्या सहकारी डॉ. प्रज्ञा वाघमारे म्हणाल्या, "मॅडम, एकदा स्वतः या."

वाघमारे मॅडम नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. कंधार तालुक्यात वाढल्या, वडील शाळामास्तर. माझ्याशी बोलताना पुस्तकातली भाषा, आणि वॉर्डात पाऊल टाकलं की "कसं हाय माय, पाय सुजले का लई?" हा बदल त्या दाराच्या उंबऱ्यावर करत. सकाळी त्यांच्याकडे सुशीला खाऊन आम्ही दवाखान्यात जायचो. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात तो हा पदार्थ. पहिल्या दिवशी मी त्याला चुरमुऱ्याचे पोहे म्हटलं. वाघमारे मॅडम म्हणाल्या, "पोह्यांना आम्ही तांदळाचा सुशीला म्हणत नाही."

मंगळवारी रुक्मिण दाखल झाली. पहिलटकरीण, साडेसात महिने, चेहरा सुजलेला, रक्तदाब औषधाला दाद देत नव्हता. सिझर करायचं ठरलं. त्याआधी वाघमारे मॅडमनी तिला सगळं समजावलं, तिने ऐकून घेतलं आणि सही केली. मुलगी झाली, वजनाला फार कमी. तिला नवजात विभागात काचेच्या पेटीत ठेवलं. मी वारेचे पाच तुकडे कापले, धुतले आणि कुप्यांत घालून द्रव नायट्रोजनच्या भांड्यात सोडले. उरलेली वार रुक्मिणच्या आईने, गयाबाईने, मागून घेतली आणि पुरायला गावी नेली. तिथवर सगळं नेहमीसारखं होतं.

बुधवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यातला एक तुकडा खलात वाटला, नमुना नीट टिकलाय का ते बघायला. टिकला होता. शिवाय एन्झाइमचं प्रमाण आधीच्या सगळ्या वारांपेक्षा स्पष्टपणे कमी आलं. आम्ही शोधत होतो तो नमुना हाच होता. त्या संध्याकाळी मी नदीच्या घाटावर बसले ती या खुशीत.

शुक्रवारी सकाळी रुक्मिणचा नवरा माधव दवाखान्याच्या दारात उभा होता. अहमदपूरला फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणारा, बोटांवर वेल्डिंगचे डाग. तो माझ्याकडे न बघता वाघमारे मॅडमशी बोलला.

"सासूबाईचा निरोप हाय. वार अर्धी पुरली म्हनून लेकरू दूध घेईना म्हनत्यात. तुमी ते तुकडं बर्फात ठिवलेत नव्हं? म्हून लेकरू गार पडून राहिलंय."

मूल गार पडत होतं हे खरं होतं. इतक्या लहान बाळांचं अंग तापमान धरत नाही, म्हणून तर पेटी. मी ते सांगितलं. माधव मान हलवत राहिला आणि माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "हाव, बरोबर हाय तुमचं. पन परत द्या."

सही रुक्मिणची होती, तेव्हा तिलाच विचारणं भाग होतं. ती खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "तुला काय वाटतं? आईला वाटतं म्हणून नको. तुला."

"तसं न्हाई वाटत मला," ती म्हणाली. "बर्फानं लेकरू गार पडल का? न्हाई पडनार. पन ते काचंत हाय. सिस्टर हात लावू देईनात. दूध काढून देते, ते नळीनं पाजत्यात. माझ्या हातात कायच न्हाई. हे तेवढं माझ्या हातात हाय, तर करू द्या की."

आमच्या संमतीपत्रात सातव्या क्रमांकावर लिहिलेलं आहे की संमती कधीही मागे घेता येईल. ते वाक्य मीच लिहिलं होतं. आजवर कुणी मागे घेतली नव्हती. अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या नैतिकता समितीच्या प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "मागे घेता येईल असं लिहिलंय, तर घेऊ द्या. परत मागतायत, तर द्या. मला लेखी कळवा."

प्रयोगशाळेत येऊन मी भांड्याचं झाकण काढलं. चार तुकडे, आणि वाटलेल्या पाचव्याची एक कुपी. यातला एक तुकडा मागे राहिला तर कुणाला कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, आणि तो क्षणभरापेक्षा जास्त टिकला. पुढच्या महिन्यात प्रकल्पाचा आढावा होता, आणि असा नमुना पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"वहीत पाच लिहिलेत मॅडम," मागून वाघमारे मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्यांनी वही उघडली, त्या नमुन्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली, बुधवारी आलेल्या आकड्यावरही मारली, आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.

कंधारकडे

गाडी रविवारची ठरलेली होती, लातूरला जाण्यासाठी. शनिवारी ती मिळेना. मग सामान घेऊन आम्ही दोघी एसटीने निघालो. वाटेत गयाबाईचं गाव, तिथून अहमदपूर, तिथून लातूर.

नायट्रोजनचं भांडं दुधाच्या कॅनसारखं दिसतं, फक्त झाकणाच्या कडेने वाफ येत राहते. आता वाद होणार असं धरूनच मी ते गाडीत चढवलं. कंडक्टरने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"रेतनाच्या डॉक्टर का तुमी? कुनाची गाय हाय?"

गाईंना कृत्रिम रेतन करणारे लोक असंच भांडं मोटारसायकलला बांधून गावोगाव फिरतात. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण वाघमारे मॅडम आधीच बोलल्या, "कंधारच्या पुढं जायचंय."

"लाल कंधारीच भरा बरं का. ते जर्सी-बिर्सी नगं. उन्हात टिकत न्हाई." त्याने भांडं स्वतःच्या सीटखाली सरकवलं आणि कंधारपर्यंत त्याच्यावर पाय लागू दिला नाही. त्याची एक गाय तीनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नव्हती, चौथ्यांदा भरायची होती, आणि माज नेमका किती तास टिकतो यावर तो बोलला. माझ्या ओळखीच्या काही प्राध्यापकांपेक्षा त्याची माहिती नेमकी होती.

खिडकीबाहेर तुरी कापून ढीग लावलेले होते, हरभरा घाटे धरत होता. माती पार काळी. पुण्याकडच्या माणसाला एवढ्या सपाटीवर नजर कुठे थांबवावी ते कळत नाही.

"तुम्हाला पटलं का हे?" मी विचारलं. "परत नेणं."

"पुरण्याचं म्हणता?" त्या म्हणाल्या. "नाही पटत. आम्ही तीन भावंडं. वडलांनी आमच्या तिघांची वार दवाखान्यातच सोडली, मुद्दाम. गावातल्या बायका आईला बोलल्या, की लेकरं तुटक होतील. कुणी तुटक झालं नाही." मग म्हणाल्या, "पण तिची वस्तू तिला देणं वेगळं. त्यात माझ्या पटण्याचा संबंध नाही."

कंधारला उतरलो. किल्ला लांबूनच पाहिला. स्टँडसमोर चहा आणि भजी खाल्ली, भज्यांबरोबर तळलेल्या मिरच्या. एक मिरची मी शेंग समजून चावली आणि पुढची दहा मिनिटं काही बोलू शकले नाही. मग काळी-पिवळी जीप. त्यातही दोघांनी भांडं ओळखलं, आणि गावात उतरलो तेव्हा आमच्याआधीच बातमी पोचली होती की रेतनाच्या बाया आल्यात.

गयाबाईचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे अंगण, मागे न्हाणी. गयाबाई दारातच होती. पन्नाशीची, उंच, हातात विळा तसाच. मागोमाग शेजारच्या तीनचार बायका आल्या, आणि एक म्हातारा आपली गाय सोडूनच घेऊन आला. वाघमारे मॅडमनी त्याला कसंबसं परत पाठवलं.

"आनलं का?" गयाबाईने विचारलं. पाणी नंतर दिलं.

न्हाणीच्या मागे दगडाखाली ती जागा होती. तिने दगड आधीच बाजूला केला होता, माती उकरून ठेवली होती, शेजारी हळद-कुंकवाची वाटी. मी भांडं उघडलं. पांढरी वाफ जमिनीवर पसरली, बायका मागे सरकल्या. चिमट्याने कुप्या काढून मी स्टीलच्या ताटलीत ठेवल्या. गयाबाईने हात पुढे केला तेव्हा मला जवळजवळ ओरडावं लागलं, "हात लावू नका! कातडी निघेल."

"एवढं गार?"

"एवढं गार."

तिने ताटलीकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "असं गार न्हाई घालायचं मातीत. सुटू द्या."

ताटली उन्हात ठेवली आणि आम्ही तुकडे वितळायची वाट बघत बसलो. दुपारचे बारा वाजले होते. गयाबाईने भाकरी थापल्या, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा, आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली पुढे सारली. कुत्र्याने येऊ नये म्हणून एक शेजारीण काठी घेऊन ताटलीजवळ बसली होती. तुरीच्या शेंगा इतक्या गोड असतात हे मला माहीत नव्हतं. पुण्यात तूर मला डाळ म्हणूनच माहीत. मी बऱ्याच खाल्ल्या. अशा वेळी भूक लागावी का, असं एकदा मनात आलं, पण लागली होती.

जेवण झाल्यावर गयाबाई ताटलीशी जाऊन वाकली. तिने मोजलं.

"चारच."

हे मी वाटेत तीनदा मनाशी घोळवून आणलं होतं. म्हटलं, "पाचवा मी बुधवारी वाटला. तपासायला. ही कुपी, यात त्याचं पाणी आहे. सगळं आणलंय, काही ठेवलेलं नाही."

"वाटला? मसाला वाटत्यात तसा?"

"हो."

वाघमारे मॅडमनी मध्ये काहीतरी बोलावं असं मला वाटलं. गयाबाईने कुपी उचलली. आता ती उचलण्याइतकी झाली होती. गुलाबी पाणी तिने उजेडात धरलं.

"मग काय निघालं ह्याच्यात?"

हा प्रश्न मला कुठल्याही परिषदेत इतका सरळ कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, "वार पोटात रुजताना वाट करत जाते. रुक्मिणची वाट नीट झाली नव्हती. वाट करणारं जे असतं ते तिच्यात कमी होतं."

"म्हून सूज आली?"

"बहुतेक. पक्कं नाही सांगता येत. तेच शोधतोय आम्ही."

"तिनं उपास केले त्यानं तर न्हाई ना? मी करू दिले. शनवारचे."

"नाही. उपासाने हे होत नाही. कुणाच्या काही करण्याने होत नाही."

"शेतात नेलं होतं. सातव्यात. कापूस येचायला."

"त्यानेही नाही."

तिने पुन्हा विचारलं, "खरं सांगता का मला बरं वाटावं म्हून?"

"खरं सांगतेय," मी म्हटलं. "ही वाट तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच होऊन जाते. तोवर दिवस गेल्याचं कळूनही फार काळ झालेला नसतो."

गयाबाई खाली बसली. पदर तोंडाला लावला, रडली नाही, नुसता लावून ठेवला. मग उठून चारही तुकडे एकेक करून मातीत ठेवले, कुपीचं झाकण काढून पाणी त्यावर ओतलं, हळद-कुंकू वाहिलं, माती लोटली. दगड ठेवायला तिला वाघमारे मॅडमनी हात लावला. रिकाम्या कुप्या तिने मला धुऊन दिल्या.

निघताना ती म्हणाली, "तुमचं नुकसान झालं का बाई?"

"झालं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि उरलेल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या.

अहमदपूर

अहमदपूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत चार वाजले. लातूरची गाडी लागायची होती. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात माधवचा फोन आला. बाळाने वाटी-चमच्याने दूध घेतलं होतं, पहिल्यांदा. नळी काढून बघणार होते.

"किती वाजता घेतलं?" वाघमारे मॅडमनी विचारलं.

तो म्हणाला, सकाळी दहाला. फोन आत्ता लागला.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "दहाला आपण एसटीत होतो. तुकडे भांड्यात होते."

"हो."

"गावात आता उलटंच सांगतील. पुरलं आणि लेकरू प्यायलं. मी आता गयाबाईंना फोन करून वेळ सांगणार आहे." त्यांनी खरंच फोन लावला. माझ्यासमोर, त्यांच्या बोलीत, स्वच्छ सांगितलं की लेकरू दहाला प्यायलं, आपण पुरायच्या आधी. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वाघमारे मॅडम ऐकत राहिल्या, मग त्यांना हसू आलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दहाला तुमी वाटंला लागला होता नव्हं? मग."

मीही हसले. वाघमारे मॅडमनी पुढे काही युक्तिवाद केला नाही. चहाचे पेले ठेवून आम्ही गाडी लागली का बघायला उठलो.

लातूर

लातूरच्या दवाखान्यात सोमवारपासून काम होतं. संमतीपत्र तेच होतं, पण आता मी ते वाचून दाखवल्यावर दोन गोष्टी तोंडी सांगायला लागले: परत मागता येईल, आणि एकदा वाटलं की तुकडा म्हणून परत देता येणार नाही. समितीला पत्र लिहून ही वाक्यं छापून घ्यायचीही विनंती केली. हे ऐकून पहिल्या दोघींनी नकार दिला. तिसरीने दिला होकार.

चौथी सविता. पोलीस शिपाई, दुसरी खेप, रक्तदाब थोडा वाढलेला. कळा सुरू असतानाही ती माझं बोलणं पुरतं ऐकत होती आणि मध्ये थांबवून प्रश्न विचारत होती, साक्ष घ्यावी तसे.

"पहिल्या टायमाला पण पडली असंल ना वार. मला कुनी दाखवली न्हाई," ती म्हणाली.

"कुणाला दाखवत नाहीत सहसा."

"कामून?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग असं करा. देते का न्हाई ते नंतर बघू. आधी मला दाखवा."

दुपारी तिला मुलगा झाला. काही मिनिटांनी वार पडली. सिस्टरने ती ट्रेमध्ये घेतली आणि सवयीने माझ्याकडे दिली. मी ट्रे घेऊन सविताच्या उशाशी गेले. आतापर्यंत मी शेकडो वारांचे तुकडे हाताळले असतील, पण अशी अख्खी वार तिच्या मालकिणीपुढे धरून मी कधी उभी राहिले नव्हते. ट्रे किती खाली धरावा तेही कळेना. सिस्टरने तिच्या पाठीला उशी लावली.

"एवढी मोठी?" ती म्हणाली.

मी तिला दोन्ही बाजू दाखवल्या. ही तुझ्या अंगाला चिकटलेली, खडबडीत. ही बाळाकडची, गुळगुळीत. नाळ इथे लागते, आणि तिथून शिरा अशा फुटत जातात. ती बोटाने एका शिरेवरून कडेपर्यंत गेली, मग दुसऱ्या शिरेवरून. मागे घड्याळ होतं, गोठवायचा अर्धा तास सुरू झाला होता, पण ते मी पाहिलं नाही.

"ही माझी का लेकराची?" तिने विचारलं.

"दोघांची. बरीचशी बाळाची."

"मग त्याला इचारायला पायजे," ती म्हणाली, आणि शेजारी गुंडाळून ठेवलेल्या मुलाकडे तिने वळून पाहिलं. तो झोपला होता. सिस्टर हसली. सविता हसली नाही, ती खरंच विचार करत होती.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "हितंच घ्या. माझ्यासमोर."

सिस्टरने टेबल ओढून दिलं. मी कात्री घेतली आणि कडेपासून पहिला तुकडा कापला. सविता कोपरावर टेकून, एकेक तुकडा कुपीत जाईपर्यंत, बघत राहिली.